नाक काढलं म्हणजे खरं

२ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला बसलं तर त्या बिचाऱ्याने माहिती आणायची कुठून? बायको जे सांगेल ते छापण्याजोगं नसेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळं श्रेय स्वतःकडे ओढून घेतील. तेव्हा आपलं आपणच लिहिलेलं बरं.

मी विदूषक आहे. अण्णाही विदूषकच होते. गुडघ्यांनी संप केला म्हणून आता घरी बसून माझ्या चुका काढतात. मुलांसमोर पडणं हा आमचा घरचा व्यवसाय. मी खुर्चीवरून, शिडीवरून, सायकलवरून आणि एकदा चुकून स्टेजवरूनही पडलेलो आहे. बायको पडद्याआड ड्रम घेऊन बसते. मी पडलो की धडाम, उठलो की टुणुक. घरातही साधारण हेच चालतं, फक्त टुणुक जरा कमी.

आता मोठी बातमी. मार्चअखेर नगर सभागृहात आमचा प्रयोग आहे आणि त्यात माझी मुलगी भिंगरी, वय वर्षे सात, पहिल्यांदा स्टेजवर येणार आहे. ती ‘डगमग वेटर’ करणार. अण्णांनी बसवलेला, मी गाजवलेला हा नंबर, म्हणजे छोटा खेळ. गिऱ्हाईक टेबलाशी भुकेजून बसलेलं असतं आणि वेटर सूपचा वाडगा घेऊन डुलत, झोके खात, सगळीकडे जाऊन शेवटी त्याच्याकडे येतो. वाडग्यात अर्थात रंगीत कागदाचे कपटे असतात. ते सगळे शेवटी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. यंदा गिऱ्हाईक मी.

पोरगी हुशार आहे, पाठांतर चोख आहे, भीती म्हणून नाही. फक्त एकच खोट आहे. ती सरळ चालते. किती समजावलं, “अगं, जमीन हलतेय असं समज!” तर म्हणते, “पण बाबा, ती हलत नाहीये.” आईवर गेलीय.

४ फेब्रुवारी

चरित्रकारासाठी आमच्या घराण्याचा नियम नोंदवून ठेवतो, कारण तो माहीत नसेल तर पुढचं काही कळायचं नाही.

तरुणपणी अण्णा एकदा शिडीवरून खरोखरच पडले. घोटा मोडला. ते कळवळून ओरडत होते आणि लोक हसून हसून लोळत होते. जोडीदाराला वाटलं, वा, आज गडी रंगात आहे. त्याने तोच पाय धरून अण्णांना स्टेजभर ओढत नेलं. तुफान टाळ्या पडल्या. तेव्हापासून आमच्यात नियम झाला: नाक काढलं म्हणजे खरं. लाल रबरी नाक चेहऱ्यावर आहे तोवर रडा, बोंबला, मेल्याचं सोंग घ्या, सगळं खोटं. ज्याने नाक काढून हातात धरलं, त्याला खरंच काहीतरी होतंय. मग समोर राजा बसलेला असो, खेळ तिथल्या तिथे बंद.

भिंगरी बोलायच्या आधीपासून हा नियम जाणते. तिला तिचं स्वतःचं नाक दिलंय, दाबलं की ‘पोंक’ वाजणारं. ते ती उशाशी घेऊन झोपते.

११ फेब्रुवारी

अण्णांना नागीण झाली. कमरेच्या डाव्या बाजूला पुरळाचा पट्टा उठलाय, आगआग होतेय. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कांजिण्या येऊन जातात पण तो विषाणू शरीरात नसेच्या मुळाशी झोपून राहतो, म्हातारपणी कधीतरी उठून बसतो. गोळ्या दिल्या आणि बजावलं, की पट्टा कापडाने झाकून ठेवा, ज्या मुलांना कांजिण्या आल्या नसतील त्यांना जवळ येऊ देऊ नका.

अण्णांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढची सोडून दिली. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय, की नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की खेळ आटोपला. म्हणून रोज सकाळी बायकोची शिवणाची टेप घेऊन ते कंबर मोजतात आणि चिंताग्रस्त चेहऱ्याने चहा मागतात. आज भिंगरी म्हणाली, “आजोबा, नागीण आहे तर तिला डोळे कुठेत?” अण्णांनी शर्ट वर केला, तिने माझी मेकअपची पेन्सिल आणली आणि दोन डोळे, मिश्या व जीभ काढून दिली. बायकोने पाहिलं तेव्हा ती जो ओरडली, तसा आवाज ड्रममधूनही कधी निघालेला नाही.

नागिणीला मिश्या नसतात हे मात्र मला भिंगरीला सांगायला हवं.

२६ फेब्रुवारी

भिंगरीला कांजिण्या. आल्या त्या धो धो आल्या, डोक्यात, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. ताप आहे, खाज आहे, चिडचिड आहे. प्रयोगाच्या तोंडावर!

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे बघत म्हणाले, “मी तिला फक्त कला दिली.” मग अपराधीपणापायी स्वतःच्या डबीतली अ‍ॅस्पिरिन काढून नातीकडे निघाले. बायको दारात आडवी आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कांजिण्यांत मुलांना ती गोळी अजिबात द्यायची नाही. अण्णांची डबी आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, जणू मी उंच आहे हा माझाच गुन्हा.

२ मार्च

ताप गेला. फोडांवर खपल्या धरल्यात. दुपारी भिंगरी शांत बसलेली दिसली म्हणून कौतुकाने जाऊन पाहिलं, तर तिने पेनाने पोटावरचे ठिपके जोडून बदक काढलं होतं. बदक चांगलं होतं. मी तसं म्हणालो आणि बायकोची बोलणी खाल्ली.

५ मार्च

चमत्कार!

सकाळी भिंगरी पलंगावरून उतरली आणि दाराकडे निघाली. काय चाल होती! पाय फाकवलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, एक पाऊल इकडे, दुसरं भलतीकडेच. भिंतीला टेकली, सावरली, पुन्हा निघाली आणि चौकटीवर जाऊन आपटली. महिनाभर घसा फोडून जे येत नव्हतं ते अंथरुणात पडल्या पडल्या आलं! मी टाळ्या वाजवल्या. अण्णांना हाक मारली. अण्णांनी चष्मा लावला, बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “अरे, रक्त आहे हे. तुला इतकं कधी जमलं नाही.”

शेवटचं वाक्य चरित्रकाराने गाळावं.

नाश्त्याला तिने अंड्याचा चमचा तोंडाऐवजी गालावर नेला. हा विनोद मी शिकवलेला नाही, तिचा स्वतःचा आहे. हसून हसून माझी पुरेवाट झाली. बायको हसली नाही. तिला तालाचं कळतं, अभिनयाचं तितकंसं नाही.

६ मार्च

कालच्यापेक्षा आज सरस. आता आवाजही लावलाय तिने. शब्द ओढत, तुटक बोलते: “बा… बा, पा… णी.” मी पेला दिला. दोन्ही हातांनी धरला तरी हात असे लटलट कापत होते, की तोंडाशी पोचेपर्यंत अर्धं पाणी सांडलं. रिकाम्या वाडग्याने सराव करणाऱ्यांनी हे बघावं.

संध्याकाळी रीतसर तालीम ठेवली. मी टेबलाशी बसलो, तिला ट्रे दिला, नाक लावलं. दोन पावलं चालली आणि खाली बसली. नाक काढून माझ्यापुढे धरलं. नाकावर खपल्या आहेत, रबर टोचत असणार. मी समजावलं, की थोडं सोसावं लागतं, आणि पुन्हा लावलं. तिने पुन्हा काढलं. हट्टीपणा आईकडून आलाय हे मी लिहिलंच आहे. कलाकाराने सबबी सांगू नयेत असं तिला प्रेमाने सांगितलं आणि तालीम संपवली. रडली थोडी.

झोपताना बायको म्हणाली, “अहो, मघाशी ती एकटीच बाथरूमकडे गेली. कुणी बघत नव्हतं. मी दाराआडून पाहिलं. तेव्हाही तशीच चालत होती.”

“यालाच रियाज म्हणतात,” मी म्हणालो.

“उद्या तिला दवाखान्यात न्यायची,” ती म्हणाली. “तुम्ही यायचं तर या, नाहीतर इथेच टाळ्या वाजवत बसा.”

७ मार्च

गेलो.

दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत तिथे, तरुण बाई, हसायचं खातं बंद. त्यांनी भिंगरीला चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “बाळा, तुझं बोट आधी माझ्या बोटाला लाव, मग तुझ्या नाकाला लाव. हं, पुन्हा.”

भिंगरीचं बोट निघालं, हवेत नागमोडी गेलं, डॉक्टरांच्या बोटाच्या बाजूने निघून गेलं. परत आलं ते गालावर. दुसऱ्यांदा डोळ्याखाली. हा आमचाच जुना नंबर आहे, अण्णा करायचे. मी खो खो हसलो. खोलीत मी एकटाच हसत होतो हे कळायला मला जरा वेळ लागला.

“तुम्हाला यात हसण्यासारखं काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, “नाही, म्हणजे, ती करतेय छान.”

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. तिला एकेक शब्द जुळवायला वेळ लागत होता. “बाबा, मी… करत… नाहीये. मी नाक… काढलं होतं.”

पुढचं मला नीट आठवत नाही. बायकोने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली एवढं आठवतं, कारण मी ती घट्ट आवळून धरली होती आणि तिच्यातली बिस्किटं चुरली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो, हात जिथे न्यायचा तिथे नेतो. कांजिण्या ओसरल्यावर काही थोड्या मुलांत त्याला सूज येते. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. पण दुसरं काही नाही ना ते बघावं लागेल, मेंदूचा फोटो काढावा लागेल. झोप अनावर होणं, उलट्या, झटके यावर लक्ष ठेवावं लागेल, म्हणून भरती करायचं.

“बहुतेक म्हणजे?” बायकोने विचारलं.

“बहुतेक म्हणजे बहुतेक,” डॉक्टर म्हणाल्या. “आत्ता मी तुम्हाला एवढंच खरं सांगू शकते.”

आज विनोद नाही.

८ मार्च

भिंगरीला फोटोच्या यंत्रात घातलं. मी आणि बायको बाहेर बाकावर. यंत्राचा आवाज भिंतीतून येत होता, ठकठक ठकठक. बायको मांडीवर बोटांनी तोच ताल धरून बसली होती. मी म्हणालो, “तू बरोबर होतीस.” ती म्हणाली, “मला बरोबर नव्हतं ठरायचं.” मग तिने माझा हात धरला आणि माझ्या मांडीवर ताल धरला. जरा जोरातच.

अण्णा कमरेला पट्टी बांधून, वर दोन शर्ट घालून आले. वॉर्डात सोडणार नाहीत म्हणाल्यावर काचेबाहेरच उभे राहिले. डॉक्टरांना विचारलं, “हे माझ्यामुळे झालं का?” डॉक्टर म्हणाल्या, कांजिण्या बहुधा तुमच्याकडून आल्या, पण पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. अण्णांनी मान हलवली. आज सकाळी त्यांनी कंबर मोजली नव्हती, असं कपडे आणायला घरी जाऊन आलेली बायको सांगत होती.

१० मार्च

फोटो चांगला आला! दुसरं काही नाही! मी नर्सबाईंना नमस्कार करायला वाकलो आणि सलाईनच्या स्टँडला अडकून सपशेल आडवा झालो. हे खरं पडणं होतं, कोपर सोललं. भिंगरी पहिल्यांदा हसली. मग हसू आवरून म्हणाली, “बाबा, खरं… का खोटं?”

“खरं,” मी म्हणालो.

“मग नाक… काढायचं ना.”

नाक मी घरीच ठेवलं होतं. आता खिशात ठेवणार आहे. नर्सबाईंनी कोपराला पट्टी बांधली आणि स्टँडपासून दूर राहायला सांगितलं.

१२ मार्च

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, या रेघेवरून एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत चालायचं. आधी बाबा करून दाखवतील.

मी निघालो. आयुष्यभर रेघ दिसली की डुलायचं एवढंच केलंय. तिसऱ्या पावलाला माझा डावा पाय आपोआप बाहेर गेला, हात पसरले, मी गरकन फिरलो आणि पलंगावर बसलो. बाईंनी विचारलं, “यांनाही तपासलंय का?”

शेवटी बायकोने चालून दाखवलं, सरळ, पट्टीने आखल्यासारखं. भिंगरी तिच्या मागून निघाली. डगमगली, बाईंनी धरलं, पुन्हा निघाली. मी भिंतीशी उभा राहून मनात म्हणत होतो, सरळ, सरळ चाल ग बाई. इतकं मनापासून मी आजवर कुठल्याच देवाला किंवा प्रेक्षकाला विनवलेलं नाही.

१८ मार्च

घरी आणलं. व्हरांड्यात चिकटपट्टी लावली आहे. सकाळ-संध्याकाळ सगळं घर तिच्यावरून चालतं, पुढे बायको, मग भिंगरी, मग मी, शेवटी अण्णा. दूधवाल्याने पाहिलं आणि काही न विचारता पिशवी ठेवून गेला.

अण्णांची नागीण वाळली. तोंड शेपटीपर्यंत पोचलंच नाही, अर्ध्यात कंटाळली. डॉक्टर म्हणाले ती तशीच एका बाजूला असते. अण्णांची थोडी निराशा झाल्यासारखी वाटली.

२९ मार्च

आज प्रयोग व्हायचा होता. सभागृहवाल्यांना मी आधीच नाही म्हणून कळवलं होतं. ते म्हणाले, तुम्ही एकटे करा. मी म्हणालो, सध्या माझा सरळ चालायचा सराव चालू आहे. त्यांना वाटलं मी विनोद करतोय, आणि ते हसले.

त्याऐवजी संध्याकाळी भिंगरीने स्वयंपाकघरातून माझ्यापर्यंत खऱ्या सूपचा वाडगा आणला. अर्धं सांडलं. उरलेलं मी प्यायलो, गार आणि अळणी. बायकोने पडद्यामागे जाऊन टुणुक वाजवलं.

१९ एप्रिल

पुन्हा तपासणी. बोलणं आता सुरळीत झालंय, इतकं की रिक्षात एक मिनिट गप्प बसली नाही. डॉक्टरांनी बोट पुढे केलं. भिंगरीचं बोट निघालं. डॉक्टरांचं बोट, स्वतःचं नाक. बोट, नाक. बोट, नाक. एकदाही हुकलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आता हसलात तरी चालेल.”

तर मला हसूच येईना. डॉक्टरच हसल्या. चांगलं हसतात.

२ जून

सभागृहाची नवी तारीख मिळाली. भिंगरीला ‘डगमग वेटर’च करायचा आहे. मी म्हणालो, तू फुलपाखरू हो, तू झाड हो, झाड तर जागचं हलत पण नाही. ऐकेना. मी म्हणालो, ती चाल मला घरात नको. बायको म्हणाली, “तिची चाल आहे, तिला ठरवू द्या.”

तालमी मी घेतल्या नाहीत. अण्णांनी घेतल्या, दार लावून. मी बाहेर बसून व्हरांड्यातली चिकटपट्टी खरवडत होतो. निघत नाही ती.

१४ जून

आज प्रयोग झाला. जसं झालं तसं लिहितो.

मी गिऱ्हाईक, टेबलाशी बसलेला, गळ्यात रुमाल. विंगेतून भिंगरी आली, एका हातात ट्रे, ट्रेवर वाडगा. पाय फाकवलेले, दुसरा हात पसरलेला, एक पाऊल इकडे, दुसरं भलतीकडे. सभागृह हसायला लागलं. मी मात्र तिच्या पावलांकडे बघत राहिलो. तीच चाल होती. पाच मार्चची, पलंगापासून दारापर्यंतची, हुबेहूब तीच. मला भुकेने टेबल बडवायचं होतं, ते मी विसरलो. मला एवढंच कळेना, की ती करतेय का तिला होतंय.

मधोमध आली आणि थांबली. असं थांबणं नंबरात नाही. माझ्याकडे बघितलं. मोकळा हात वर उचलला, बोट हवेत मोठ्ठं गोल फिरवलं आणि सरळ आणून बरोब्बर रबरी नाकावर टेकवलं. पोंक!

लोकांना तो विनोदच वाटला. तो माझ्यासाठी होता.

मग ती डुलत डुलत आली आणि सगळं सूप माझ्या डोक्यावर ओतलं. ठरल्याप्रमाणे मी खुर्चीवरून पडलो. पडद्याआडून धडाम झालं. आता उठायचं होतं, टुणुक व्हायचं होतं. पण मला उठताच येईना. रंगीत कपट्यांत पडल्या पडल्या मला असं रडू फुटलं, की अंग गदगदायला लागलं. लोक खदाखदा हसत होते. विंगेतून अण्णा दबक्या आवाजात म्हणत होते, “ऊठ रे, लांबवू नकोस!” भिंगरी वाकून बघू लागली. मी नाक काढलं आणि हातात धरलं.

तिने नाकाकडे पाहिलं फक्त. ट्रे तिथल्या तिथे खाली ठेवला, तोंड वळवून आईला हाताने ‘बंद’ अशी खूण केली, आणि भरल्या सभागृहासमोर माझ्या शेजारी फतकल मारून बसली.

“बाबा, कुठे दुखतंय?” तिने विचारलं.